महिंद्रा युनायटेड : कंपनीचा संघ, शहराचे अजिंक्यपद

महिंद्रा युनायटेड हा महिंद्रा अँड महिंद्रा कंपनीच्या मालकीचा, मुंबईतला फुटबॉल संघ. १९६२ साली तो कंपनीच्या क्रीडा मंडळाचा संघ म्हणून उभा राहिला आणि २०१० साली बंद झाला. पूर्व विदर्भातल्या देवरीच्या धानपट्ट्यात महिंद्रा म्हणजे चिखलणीला बांधीत उतरणारा ट्रॅक्टर. त्याच नावाच्या संघाने देशाचे अजिंक्यपद मिळवले होते, हे आज मुद्दाम सांगावे लागते.

मुंबईचा फुटबॉल दीर्घकाळ कंपन्यांनीच पोसला. टाटा, मफतलाल, कॅलटेक्स, मध्य आणि पश्चिम या दोन्ही रेल्वे यांचे संघ कूपरेज मैदानावर खेळत. खेळाडूला नोकरी मिळे, पगार सुरू राही, सरावाला सवड मिळे. कॅलटेक्सने १९५८ साली रोव्हर्स चषकही जिंकला. जपानमधील रग्बीही याच व्यवस्थेवर वाढली. कोबे स्टील या पोलाद कंपनीच्या संघाने १९८८-८९च्या हंगामापासून सलग सात वर्षे राष्ट्रीय अजिंक्यपद राखले.

महिंद्राचा खरा बहर उशिरा आला. १९९८ साली संघाने ड्युरँड चषक जिंकला. २००० साली नाव बदलून ‘महिंद्रा युनायटेड’ झाले. दुसऱ्याच वर्षी अंतिम सामन्यात गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सचा ५-० असा धुव्वा उडवून संघाने ड्युरँड पुन्हा मुंबईत आणला. २००३ आणि २००५ साली फेडरेशन चषक मिळाला. पण सर्वांत मोठे यश २००५-०६च्या राष्ट्रीय फुटबॉल लीगचे. त्याआधीच्या नऊ स्पर्धांपैकी आठ कोलकाता आणि गोव्याच्या संघांनी जिंकल्या होत्या, पहिली पंजाबच्या जेसीटीने. आणि जेसीटी हाही फगवाड्याच्या कापड गिरणीचाच संघ. डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली महिंद्राने कोलकाता-गोव्याची मक्तेदारी मोडली. या कामगिरीला मुंबईच्या क्रीडा इतिहासात मिळायला हवे होते तेवढे स्थान मिळालेले नाही. २००६ आणि २००८ साली आयएफए शील्ड, २००८ सालीच तिसऱ्यांदा ड्युरँड, आणि २००७च्या एएफसी चषकात उपांत्यपूर्व फेरी हे त्यापुढचे टप्पे.

२०१० साली कंपनीने हंगामाअखेर संघ बंद करण्याचा आणि शालेय वयातील खेळाडूंवर लक्ष देण्याचा निर्णय जाहीर केला. संघ मैदानावर हरून संपला नाही, कार्यालयातल्या निर्णयाने संपला. कंपनीच्या संघाची दुखरी जागा हीच: त्याला मालक असतो, सभासद नसतात. पुढच्याच वर्षी जेसीटीचा संघही बंद पडला. जपानमध्ये मात्र २०२२ साली सुरू झालेल्या रग्बीच्या लीग वनने संघांच्या नावात शहराचे किंवा प्रदेशाचे नाव आणले, त्यामागे संघाची मुळे कारखान्याबाहेर, गावात रुजवण्याचा विचार होता. ‘महिंद्रा युनायटेड’ या नावात मुंबई कधीच नव्हती.

महिंद्राच्या विजेतेपदानंतर देशातील अव्वल लीगचे विजेतेपद मुंबईत यायला २०२१ साल उजाडले. ते मुंबई सिटी एफसीने इंडियन सुपर लीगमध्ये मिळवले.