लव्हाळा, पाणी आणि विळा

लव्हाळा म्हटला की शेतात माजलेले तण डोळ्यांपुढे येते. पण सुवासिक नागरमोथा याच कुळातला, आणि प्राचीन इजिप्तचे लोक ज्यावर लिहीत तो पपायरसही याच कुळातला. गवताचा दांडा बोटांत फिरवला तर बहुधा गोल लागतो. लव्हाळ्याचा बहुधा तिधारी.

श्रोतेहो, या कुळातल्या एका दुर्मिळ वनस्पतीची हकिकत आज आम्ही सांगणार आहोत. तिचे नाव क्लॅडियम. ती माणसाहून उंच वाढते आणि तिच्या पात्याच्या कडेला करवतीसारखे दाते असतात. इंग्लंडात केंब्रिजशायर परगण्यात विकन फेन नावाची पाणथळ आहे, तेथे ती टिकून आहे. तेथील गरीब लोक ती कापून छपरे शाकारीत आणि चुली पेटवीत. विकनला ही कापणी 1414 पासून चालत आल्याची नोंद आहे.

त्या भागात एके काळी अशा दलदली कोसच्या कोस पसरल्या होत्या. सतराव्या शतकात भांडवलवाल्यांनी व्हेर्म्यूडन या डच स्थापत्यज्ञाकरवी कालवे खणून पाणी काढून टाकले आणि मोबदल्यात जमिनी घेतल्या. मासे, पाखरे आणि लव्हाळा यांवर जगणाऱ्यांनी ठिकठिकाणी बांध फोडून प्रतिकार केला. पण ते हरले. आज मूळ दलदलीचा हजारातला एक भागही उरलेला नाही. वाळलेली जमीनही स्वस्थ बसली नाही. कुजलेल्या पाल्याची ती काळी माती आक्रसली, हवेत जळून गेली. जवळच्या होम फेन येथे 1851 साली जमिनीत गाडलेला लोखंडी खांब आज सुमारे 4 मीटर उघडा पडला आहे.

1899 साली नॅशनल ट्रस्ट या संस्थेने विकनची 2 एकर जमीन 10 पौंडांना घेतली आणि पुढे ती वाढवीत नेली. पण मालकी आली म्हणून लव्हाळा वाचला असे नव्हे. कोळसा आणि कौले आल्यावर लव्हाळ्याचे गिऱ्हाईक गेले, विळे थांबले आणि दलदलीत झुडपे माजली. 1927 साली गॉडविन या केंब्रिजच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने तेथे वाफे आखले. एक दरवर्षी कापायचा, दुसरा दोन वर्षांनी, तिसरा तीन, चौथा चार वर्षांनी. एकाला हातच लावायचा नाही. दरवर्षी कापलेल्या वाफ्यात लव्हाळा हटून गवत आले. न कापलेल्यात झुडपांचे रान झाले. चार वर्षांनी कापला तेथे तो टिकला. कापणाऱ्यांचा जुना रिवाजही साधारण असाच होता. जे शास्त्राने वाफे आखून सिद्ध केले, ते त्यांच्या विळ्याला आधीच ठाऊक होते.

पाण्याचेही तसेच. भोवतालची शेते खचल्यामुळे विकन आता उंचवट्यावर राहिले आहे; पाणी तेथून निसटू पाहते. म्हणून पाणी बाहेर फेकणारी एक जुनी पवनचक्की 1956 च्या सुमारास तेथे आणून उभी केली आणि तिला उलटे काम दिले: पाणी दलदलीत चढवण्याचे!

युरोपने 1992 च्या कायद्यात क्लॅडियमच्या पाणथळींना अग्रक्रमाचे संरक्षण दिले, हे योग्यच झाले. पण कामगारांत आयुष्य काढलेल्या आम्हांला यातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. दुर्मिळ वस्तू नुसत्या कुंपणाने जगत नाही. तिला पाणी लागते आणि जाणते हात लागतात. त्या हातांची मजुरी थांबली की कुंपणाच्या आतसुद्धा रान माजते. तेव्हा पाणथळ राखायची तर तेथे राबणाऱ्याचे पोटही राखले पाहिजे.