चारही चाकांत जोर, तरी जीप गाऱ्यात

हिवरखेडच्या उत्तरेला सातपुडा, भोवती काळी जमीन. ही चिकणमाती पाणी पिऊन फुगते. पांदणीत टायरच्या खाचा तिनं भरल्या की चाक नुसतं घसरतं. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रानं विलिस जीप भारतात जोडायला घेतली. तिच्याच घराण्यातल्या जुन्या फोर-व्हील गाड्या हौशी लोक आजही दुरुस्त करून याच मातीत पळवतात.

पण फोर-व्हील लावूनही त्या रुततात. दोष डिफरन्शियलचा. वळणावर बाहेरचं चाक जास्त फिरावं म्हणून ते असतं. मात्र दोन्ही चाकांना ते सारखाच जोर देतं. एक चाक घसरलं की त्याला जेमतेम जोर लागतो, आणि तेवढाच दुसऱ्याच्या वाट्याला येतो. पुढचं एक, मागचं एक घसरलं की गाडी जागच्या जागी. उपाय डिफरन्शियल लॉक, तो महाग.

मोठे टायर दिसतात रुबाबदार, पण जमिनीवरची ओढ घटवतात आणि जुन्या ॲक्सलवर ताण वाढवतात. मला आधी सील आणि ब्रेकवर केलेला खर्च शहाणपणाचा वाटतो. नाल्यातून आल्यावर डिफरन्शियलचं ऑइल दुधाळ दिसलं, तर आत पाणी शिरलंय. इंजिन बदलायचं असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आधी वाचा. आरसीत नोंद लागते.