हिरवा मगज

सोलापूरहून मोहोळकडे जाताना रस्त्याकडेच्या एका रोपवाटिकेबाहेर फ्लेक्स लावलेला आहे : आफ्रिकन महोगनी. साल औषधी, पानं औषधी, बिया औषधी. लाकडाचे पैसे व्हायला बरीच वर्षं जाणार, तोवर शेतकऱ्याला धीर द्यायला ही औषधाची ओळ. औषध कशावरचं, ते मात्र लिहिलेलं नाही. त्याचीच चौकशी करायला मी आत गेले. रोपांच्या ओळींमागे बांधावर कडुलिंबाची जुनी झाडं होती आणि त्यांच्या सावलीत बायका निंबोळ्या वेचत होत्या. महोगनीची माहिती पाच मिनिटांत संपली. पुढचा वेळ बांधावरच गेला.

विषय तसा फार बदलला नव्हता. आफ्रिकन महोगनी म्हणजे खाया. खाया आणि कडुलिंब एकाच कुळातले, मेलिएसी कुळातले. पश्चिम आफ्रिकेत खायाच्या सालीचा काढा तापावर देतात. आपल्याकडे कडुलिंबाच्या सालीचा देतात. दोन्ही साली जिभेला नकोशा करतो तो रेणूंचा एकच गट, लिमोनॉइड. झाड हे रेणू स्वतःच्या राखणीसाठी बनवतं, आपल्या तापाशी त्याला काही देणंघेणं नाही. नायजेरियातल्या इबादान विद्यापीठात १९६०च्या दशकात तिकडच्या इमारती लाकडांतले हे कडू रेणू एकेक करून उलगडले गेले. तिथल्याच डोनाल्ड एकाँग यांनी १९६७ मध्ये कडुलिंबातल्या निंबोलाइडची रचना मांडली. आपल्या दारातल्या झाडाचं हे कोडं सुटलं ते महोगनीच्या मुलखात. फ्लेक्सवाल्याला हे सांगितलं असतं तर त्याने तेही छापलं असतं.

बांधावरच्या बायकांत एक वयस्क मावशी होत्या. बाकीच्या खराट्याने झाडून निंबोळ्यांचा ढीग करत होत्या, पालापाचोळ्यासकट पाटीत भरत होत्या. मावशी बसून वेचत होत्या. मूठभर झाल्या की त्यातली एक उचलायच्या, दोन बोटांत दाबून साल आणि चिकट गर बाजूला सारायच्या, कवच दाताखाली धरून फोडायच्या आणि आतला मगज नखाने चिरून बघायच्या. हिरवा निघाला तर मूठ पाटीत. तपकिरी किंवा काळा निघाला तर आणखी दोन फोडून बघायच्या, आणि त्याही तशाच निघाल्या तर अख्खी मूठ मागे भिरकावून द्यायच्या.

"काळी पडली की तिच्यात काय ऱ्हात न्हाई, ताई. वजन तेवढं ऱ्हातं."

कवच दाताने फोडता तर तोंड कडू होत नाही का, म्हणून विचारलं. "आता काय व्हायचंय," म्हणाल्या.

पुढची कामं नेहमीची : पिकलेल्या निंबोळ्या पाण्यात चोळून गर काढायचा, बिया धुवायच्या, सावलीत पसरून खडखडीत वाळवायच्या, गोणपाटात भरायच्या. प्लास्टिकच्या पोत्यात भरल्या तर आत घाम धरतात. उन्हात तापवल्या तर कस जातो. सगळ्यात वाईट म्हणजे पाऊस. निंबोळी पिकून गळायला लागते ती नेमकी रोहिणी-मृगाच्या तोंडावर. जमिनीवर पडलेल्या बीला ओल लागली की बुरशी धरते आणि तिचा कस उतरत जातो. म्हणून मावशींची घाई.

वास मात्र नेहमीचा नव्हता. पिकलेल्या गराचा आंबूस-गोड वास आधी येतो आणि त्याच्याखालून, बी फुटली की, लसणासारखा उग्र भपकारा. तेलातल्या गंधकाच्या संयुगांमुळे तो तसा येतो. माझ्या ओढणीला लागलेला वास दोनदा धुऊनही गेला नाही.

रोपवाटिकेच्या मालकांची शेजारीच डाळिंबाची बाग आहे. त्यांनी शेडमधून एक बाटली आणून दाखवली. "हे दहा हजार आहे," ते अभिमानाने म्हणाले. दहा हजार म्हणजे दहा हजार पीपीएम, निंबोळीतल्या अझाडिरॅक्टिनचं प्रमाण. कृषी सेवा केंद्रात तीनशे, पंधराशे आणि दहा हजार अशाच नावांनी या बाटल्या मागितल्या जातात. दहा हजार हा आकडा कानाला भरघोस लागतो. दहा लाखांत दहा हजार म्हणजे शंभरात एक, हे हिशेब केल्यावरच ध्यानात येतं.

तरी तो एक हिस्सा क्षुल्लक नव्हे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतल्या प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ च्या टोळधाडीत उभ्या पिकावर निंबोळीचं पाणी फवारून पाहिलं. टोळ उतरले, पण त्यांनी पाला खाल्ला नाही. टोळांना अन्नावरून उठवणारा नेमका रेणू कोणता, हे इंग्लंडमधल्या कील विद्यापीठात बटरवर्थ आणि मॉर्गन यांनी १९६८ मध्ये शोधलं. त्यांची चाचणीही टोळांवरच होती : कोणता अंश लावल्यावर टोळ खायचं थांबतो, तो पकडायचा आणि आणखी शुद्ध करायचा. अझाडिरॅक्टिन हाती लागलं. ३५ कार्बन, ४४ हायड्रोजन, १६ ऑक्सिजन असा त्याचा ऐवज. त्यांची जुळणी इतकी गुंतागुंतीची की खात्रीची रचना ठरायला १९८५ उजाडलं, आणि केंब्रिजमध्ये स्टीव्हन ले यांच्या गटाने तो रेणू प्रयोगशाळेत घडवला तो २००७ मध्ये, बावीस वर्षं खपून. कारखान्यात काही तो अशा रीतीने करणं परवडणार नाही. बाजारातलं सगळं अझाडिरॅक्टिन आजही बीतूनच काढतात. म्हणजे बी कुणीतरी वाकून उचलायला लागते.

हा रेणू कीड जागच्या जागी मारत नाही. अळीची भूक मोडतो आणि कात टाकायला लावणाऱ्या संप्रेरकाचं तंत्र बिघडवतो. अळी कातीतच अडकते. शेतकऱ्याला सकाळी जिवंत अळी दिसते आणि औषध खोटं वाटतं. शिवाय हा रेणू उन्हात टिकत नाही. फवारणी संध्याकाळी करायची ती त्यासाठी. सोलापूरच्या उन्हात तर हे फारच खरं. आणि जे जमत नाही तेही सांगायला हवं : डाळिंबाचा तेल्या हा जिवाणूंचा रोग आहे, फुलकिडे आणि अळ्यांसाठीची ही बाटली त्यावरचा इलाज नव्हे. डाळिंबावर काम करणारं राष्ट्रीय संशोधन केंद्र इथून जवळ, केगावला, २००५ पासून आहे. तिथे जाऊन विचारण्यापेक्षा फ्लेक्स वाचणं लोकांना सोपं जातं.

'औषधी' या शब्दाखाली तर काहीही खपतं. निंबोळीचं तेल घरगुती उपाय म्हणून तान्ह्या मुलांना पाजल्यावर उलट्या, झटके, यकृताला आणि मेंदूला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. किडीला आवरणारं रसायन बाळाला गुणकारीच ठरेल, हे झाडाने कधी कबूल केलेलं नाही.

मावशींच्या घरच्या दोन एकरांत बाटली येत नाही. त्या अर्क घरीच करतात. पाच किलो बियांचा भरडा रात्रभर पाण्यात भिजवायचा, सकाळी फडक्यातून पिळून गाळायचा, पानाला चिकटावा म्हणून साबणाचं पाणी घालायचं आणि एकूण शंभर लिटर करायचं. कृषी खात्याची शिफारसही जवळपास हीच आहे. मावशींच्या अर्कात पीपीएम किती, हे कुणी मोजलेलं नाही. पण त्यात काळा मगज नसतो, हे मी पाहिलं आहे. बाटलीतल्या दहा हजारांच्या मुळाशी हीच परीक्षा असायला हवी. ती बिचारी कुठल्याच लेबलवर येत नाही.

संध्याकाळी व्यापाऱ्याचा टेम्पो आला. हा माल ओलाच, गरासकट जाणार होता. ताणकाटा झाडाच्या फांदीला अडकवला, एकेकीचं वजन केलं आणि मावशींची निवडलेली पाटी व बाकीच्यांचा झाडून आणलेला ढीग एकाच बारदानात गेला. किलोचा भाव सगळ्यांना एकच. मावशींचं वजन सगळ्यात कमी भरलं.

निवडक मालाला वेगळा भाव का देत नाही, असं मी व्यापाऱ्याला विचारलं.

"कंपनी तपासतीय की, पण आख्ख्या गाडीचं. मी हितं एकेक फोडून बघत बसलो तर मृग सरंल."

"म्हंजे मी बी बगू नको म्हन की," मावशी नोटा मोजता मोजता म्हणाल्या.

"बगा की मावशी," तो बारदानाचं तोंड शिवत म्हणाला, "कोन नको म्हनतंय?"