सगळं जमतंच, असं कोण म्हणतं?



बँड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लग्नाची वरात येते. पण आज मी सांगणार आहे तो बँड वेगळा. चार जणांनी मिळून गाणी रचायची, वाजवायची, गायची आणि शहरोशहरी कार्यक्रम करायचे, असा. हा बँड जर्मनीतल्या बर्लिन शहरातला. त्याचं नाव ‘वीर झिंट हेल्डन’. गंमत बघा, यातल्या ‘वीर’चा अर्थ ‘आम्ही’. शूर माणसांसाठीचा शब्द आहे ‘हेल्डन’. म्हणजे ‘आम्ही शूरवीर आहोत’!

चौघांत गाणारी बाई एकच, युडिट होलोफेर्नेस. जन्म १९७६ चा. बँडमध्ये येण्याआधी ती रस्त्यावर उभी राहूनही गायली होती. २००० सालाच्या सुमारास हॅम्बुर्ग शहरातल्या संगीताच्या एका वर्गात तिला साथीदार भेटले. त्यांच्या संगीताला ‘इंडी पॉप’ म्हणतात. ‘इंडी’ म्हणजे स्वतंत्र. मोठ्या कंपनीच्या पैशाची वाट न बघता, स्वतःच्या हिमतीवर सुरुवात करणारे.

२००२ मध्ये त्यांनी ‘गुटन टाग’, म्हणजे ‘नमस्कार’, हे गाणं स्वतःच काढलं. जाहिरातींच्या नादानं खरेदी करून कंटाळलेलं गिऱ्हाईक तक्रार घेऊन येतं, अशी त्याची कल्पना. थोडक्या पैशांत केलेली त्याची चित्रफीत टीव्हीवर लागली आणि लोकांनी गाणं उचलून धरलं. २००३ मध्ये पहिला अल्बम आला, ‘डी रेक्लामात्सिओन’. खराब निघालेला माल परत करताना दुकानदाराकडे आपण जी तक्रार करतो, तिला जर्मनमध्ये हा शब्द आहे.

याच अल्बममध्ये एक गाणं होतं. त्याच्या नावाचा अर्थ साधारण असा, ‘आपण फक्त मनावर घ्यायला हवं’. मनावर घेतलं की माणसाला सगळं जमतं, या बोलण्याची त्यात थट्टा होती. पुढे हाच प्रश्न युडिटच्या स्वतःच्या दारात उभा राहिला.

२००५ मध्ये त्यांचा दुसरा अल्बम जर्मनीत पहिल्या क्रमांकावर गेला. २००६ च्या अखेरीस युडिट आई झाली. बाळाचे वडील बँडमधलेच, ड्रम वाजवणारे पोला रॉय. म्हणजे कार्यक्रम सुरू झाला की आई आणि बाप दोघंही मंचावर! मग बाळाला घेणार कोण? तरी त्यांनी २००७ मध्ये नवा अल्बम काढला आणि लेकराला बरोबर घेऊन दौरे केले. पुढे दुसरं मूल झालं. २०१० च्या अल्बमचं नाव होतं, ‘मला घरी घेऊन चल’.

२०११ मध्ये ‘बिल्ड’ या मोठ्या खपाच्या वर्तमानपत्राच्या जाहिरातीत येण्यासाठी त्यांना विचारणा झाली. त्या बदल्यात त्यांच्या पसंतीच्या चांगल्या कामाला दहा हजार युरो मिळणार होते. युडिटनं जाहीर पत्र लिहून ठाम नकार दिला. ते पत्र देशभर वाचलं गेलं.

आणि २०१२ मध्ये बँडनं जाहीर केलं, आता आम्ही थांबतो. लोकांना गाणी नकोशी झाली म्हणून नव्हे. वेगवेगळ्या शहरांतली घरं, लहान मुलं आणि सततचे दौरे यांचा मेळ बसेना म्हणून.

पुढे युडिटनं एकटीनं दोन अल्बम काढले, २०१४ आणि २०१७ मध्ये. पण ओढाताण तीच. २०१९ मध्ये तिनं तेही थांबवलं. मग २०२२ मध्ये तिनं त्या दमवणाऱ्या वर्षांवर पुस्तक लिहिलं. नावाचा अर्थ, ‘दुसऱ्यांची स्वप्नं’. लिहिणं मात्र सुटलं नाही.

सख्यांनो, नाव ‘शूरवीर’ असलेली माणसंसुद्धा दमतात. बाईला ‘तू मनावर घे, सगळं जमेल’ असं म्हणणं सोपं असतं. त्याच वेळी ‘तुझं लेकरू मी सांभाळतो’ असं किती जण म्हणतात? काम झेपेना झालं, तर दोष आपल्या हिमतीचा असतोच असं नाही. कधी कामाची वाटणीच चुकलेली असते. आणि थांबून, विचार करून दुसरी वाट धरणं म्हणजे हरणं नव्हे.

येत्या बैठकीत एकमेकींना एवढंच विचारा, ‘तुझ्या कामाच्या वेळी तुझं घर कोण बघतं?’ उत्तरं नीट ऐका.

पुन्हा भेटूच. नमस्कार.