पहिला दात हलतोय?
बीड जिल्ह्यातल्या कपिलधारच्या यात्रेत, संत मन्मथस्वामींच्या दर्शनाच्या रांगेतच पोराचा दात हलू लागला, तर दोरा बांधून ओढू नका. दुधाचे दात २०. बहुधा खालचे पुढचे दोन आधी पडतात, साधारण सहाव्या वर्षी. पडलेला दात उंदराला द्यायचा की माळवदावर फेकायचा, ते आजी ठरवेल. खरी गफलत तोंडात मागच्या बाजूला होते. याच सुमारास शेवटच्या दुधाच्या दाढेमागे नवी दाढ येते. तिच्यासाठी काहीच पडत नाही, म्हणून घरचे तिला दुधाचीच समजतात आणि कीड लागली तरी ‘पडणारच आहे’ म्हणून सोडून देतात. ती कायमची असते! आणखी एक: बीड जिल्ह्यात काही ठिकाणी भूजलात फ्लोराइड जास्त आहे. त्याने नव्या दातांवर डाग पडतात. बोअरचे पाणी तपासून घ्या.