संथ गतीचे भय : ‘तुंबाड’ आणि त्याचे परीक्षक

‘चित्रपट संथ आहे’ हा अभिप्राय आपल्याकडे बहुधा निंदेच्याच अर्थाने दिला जातो. भयपटाच्या बाबतीत तर तो शिक्षेसारखाच ठरतो. कारण भय म्हणजे दचकणे, अशी पुष्कळांची समजूत असते. ‘तुंबाड’ या चित्रपटाच्या वाट्याला जे आले त्यावरून ही समजूत तपासून पाहण्यासारखी आहे.

हा चित्रपट भाषेने हिंदी. पिंड मात्र मराठी. दिग्दर्शक राही अनिल बर्वे हे नाटककार अनिल बर्वे यांचे चिरंजीव. कथेचे बीज नारायण धारपांच्या भयकथेतले, आणि नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीवरून सुचलेले. चित्रीकरण २०१२ साली सुरू झाले आणि खरा पाऊस टिपण्यात कित्येक पावसाळे गेले. २०१८ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवातील समीक्षक सप्ताहाचे उद्घाटन याच चित्रपटाने झाले. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला तो आपल्याकडे प्रदर्शित झाला.

परीक्षकांनी छायाचित्रण, कलादिग्दर्शन व ध्वनी यांची मनापासून वाखाणणी केली; पुढे फिल्मफेअरचे तीन पुरस्कारही याच तीन अंगांना मिळाले. तथापि, देखणेपण अधिक आणि भय कमी, असे म्हणणारेही निघाले. येथेच मोठी गफलत आहे. या चित्रपटात देखणेपण आणि भय ही दोन निराळी खाती नाहीतच.

१९१८ सालचा पहिला भाग पाहावा. साखळदंडाने बांधलेली एक वृद्धा, तिला वेळेवर भरवण्याचे काम, बाहेर न थांबणारा पाऊस आणि घरात दोन लहान मुले. बराच वेळ काहीच घडत नाही. पण त्या वेळात अंधाराची, ओलीची आणि भुकेची प्रेक्षकाला सवय होते, आणि ज्या घराची सवय झाली त्याच घराचे भय वाटू लागते. पुढे विनायक विहिरीत दोर सोडून उतरतो, पिठाचे रिंगण आखतो, कणकेची बाहुली टाकतो आणि हस्तराच्या कमरेची मूठभर नाणी घेऊन पुण्यास परततो. पुन्हा येतो, पुन्हा उतरतो. ही पुनरावृत्ती कंटाळवाणी वाटली तर नवल नाही. लोभाचे स्वरूपच तसे आहे. फेऱ्या कमी केल्या असत्या तर चित्रपट वेगवान झाला असता, परंतु माणूस व्यसनी कसा होत गेला हे दिसलेच नसते.

बेळगावच्या खासबाग, शहापूर, वडगाव या विणकर वस्त्यांत मागावर चढलेली साडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे निराळे सांगावयास नको. पहिल्या वीतभर कापडावरून पदराची नक्षी कळत नाही. पहिल्या आठवड्याच्या गल्ल्यावरून चित्रपटाचे माप घेणाऱ्या व्यवसायाला मात्र तेवढा धीर नसतो. (परीक्षकांनाही तो नेहमी असतोच असे नाही.)

१३ सप्टेंबर २०२४ रोजी ‘तुंबाड’ पुन्हा चित्रपटगृहांत आला आणि पहिल्या खेपेपेक्षा अधिक उत्पन्न त्याने मिळवले. मधल्या सहा वर्षांत तो घरोघरच्या पडद्यावर पोहोचला होता. त्यामुळे विहिरीच्या तळाशी काय आहे, हे ठाऊक असलेले प्रेक्षकही या खेपेस तिकीट काढून आले. त्यांना अचानक दचकवील असे त्यात आता फारसे काही उरले नव्हते.