अफवेचा न्याय

आपल्याहून निराळ्या मताच्या शेजाऱ्यास समाज आधीं नांवें ठेवितो, आणि त्याची चौकशी मागाहून करितो. हें ज्यांस अतिशयोक्तीचें वाटेल त्यांनीं रोमचा इतिहास पाहावा. इ. स. ६४ मध्यें तें शहर जळालें, तेव्हां नीरो बादशहानें तो आळ ख्रिस्ती लोकांच्या माथीं मारिला. हे लोक देवळांतील देवांस भजत नाहींत, म्हणून नास्तिक. दारें लावून एकत्र जेवितात, म्हणून नरमांसभक्षक, असा लोकप्रवाद असे. सुमारें ११२ सालीं सुभेदार प्लिनी यानें चौकशी केली. निष्पन्न काय झालें? हे लोक ठराविक दिवशीं पहाटे जमतात, स्तोत्र म्हणतात, आणि चोरी व व्यभिचार न करण्याची शपथ घेतात, एवढेंच! तथापि जे आपल्या मतास चिकटून राहिले त्यांस त्यानें देहदंड दिलाच. निनावी तक्रारी घेऊं नयेत, असें ट्रेजन बादशहानें त्यास कळविलें खरें. परंतु ती शिक्षा कांहीं रद्द केली नाहीं.

रोमास हसण्यापूर्वीं आपण आपल्या उंबरठ्याकडे पाहावें. १८५२ सालीं वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी आमच्या कोल्हापुरांत आले. त्या काळीं आपल्याकडे जो ख्रिस्ती होई त्याच्यावर सिंह सोडीत नसत; पण पाणी, पंगत व सोयरीक हीं तिन्ही तुटत. १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें चहापानास गेल्याबद्दल रानडे व टिळक यांच्यासारख्यांवरही ग्रामण्य झालें, व प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें. १८९५ सालीं कवि नारायण वामन टिळक यांनीं बाप्तिस्मा घेतला, तेव्हां त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांस कित्येक वर्षें पतीपासून दूर राहावें लागलें. धर्मांतरामुळें वारसाहक्क बुडूं नये असा कायदा कंपनीच्या मुलखांत १८५० सालींच झाला होता. पण कायद्यास पंगतींत पाट कोण मांडणार?

यावरून कोणी एका धर्मास छळक व दुसऱ्यास छळित ठरवूं नये. ३१३ सालीं रोमन साम्राज्यांत ख्रिस्त्यांस मोकळीक मिळाली. ३८० सालीं त्यांचा धर्म राजधर्म झाला. आणि त्या शतकाच्या अखेरीस जुन्या देवांच्या यज्ञयागांस बंदी झाली. गोमंतकांत १५६० पासून १८१२ पर्यंत, मधलीं थोडीं वर्षें सोडतां, इन्क्विझिशन चाललें. दोष आहे तो संख्येच्या व सत्तेच्या मदाचा.

पेठेंतील व्यापारी गुळाचा रवा पाहून भाव करितो. कोणाच्या सांगीवरून करीत नाहीं. माणसाची पारख करितांना मात्र हाच व्यवहार आपण विसरतों. १९५० सालच्या राज्यघटनेनें सद्सद्विवेकाचें स्वातंत्र्य सर्वांस दिलें आहे. परंतु जागा भाड्यानें देतांना, नोकरीस ठेवितांना, लग्नाचें आमंत्रण धाडतांना तें पाळावयाचें कीं नाहीं, हें ठरविणें आपल्या हातीं आहे. प्लिनीनें चौकशी केली, दोष आढळला नाहीं, तरी शिक्षा दिली. आपण तर पुष्कळदां चौकशीचेही श्रम घेत नाहीं. मग अधिक सुधारलेला कोण, याचा निर्णय आम्ही वाचकांवरच सोंपवितों.